भाड्याचं जहाज : एका मॉडेलच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

आज कणा कापला. आमच्या थळच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे जुने सुतार त्याला पठाण म्हणतात, मीही तेच म्हणणार. मॉडेल १:६४ प्रमाणात. खऱ्या जहाजाची पठाण ९० फूट धरली आहे, म्हणजे माझ्या टेबलावर जेमतेम ४३ सेंटिमीटर. रुंदी २७ फूट, खणाची, म्हणजे माल भरायच्या पोटाची, खोली साडेतेरा फूट.

ही मापं कुठल्या एका जहाजाची नाहीत. अशा जहाजांचे नकाशे सहसा कुणी जपून ठेवलेच नाहीत, म्हणून १६५० च्या आसपासचं मध्यम आकाराचं इंग्रज व्यापारी जहाज कसं असेल ते हिशेबानं बसवलंय. तेव्हा जहाजाचा आकार काढायची रीत सरळ होती: पठाणीची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करायचा आणि शंभरनं भागायचं. माझं जहाज ३२८ टनांचं निघतं. हा टन म्हणजे मुळात वाइनचं एक मोठं पिंप. जहाज किती मोठं, याचं उत्तर ‘किती पिंपं मावतात’ असं दिलं जायचं. पुढच्या सगळ्या कामात मला हे विसरून चालणार नाही. हे जहाज पिंपांसाठी बांधलेलं आहे. तोफा नंतर आल्या.

१२ जानेवारी

हेच जहाज का, असं दोघातिघांनी विचारलं. सतराव्या शतकातलं लढाऊ जहाज करायचं म्हटलं की बहुतेक जण ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ घेतात. १६३७ चं, शंभर तोफांचं, सोन्यानं मढवलेलं. सुंदर आहेच ते. पण त्या शतकातल्या किती तरी लढायांत अर्धंमुर्धं आरमार भाड्याचं होतं. राजाकडे किंवा पार्लमेंटकडे स्वतःची जहाजं थोडी. युद्ध आलं की बंदरातली मोठी व्यापारी जहाजं महिन्याच्या बोलीवर घ्यायची, तोफा आणि माणसं वाढवायची आणि ताफ्यात लोटायची. मार्च १६५२ मध्ये, इंग्लंडशी युद्ध तोंडावर आलेलं असताना, डचांच्या स्टेट्स जनरलनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, आपल्या ७६ जहाजांच्या जोडीला आणखी १५० जहाजं भाड्यानं घेऊन सज्ज करायचा ठराव केला. पन्नास-शंभर नव्हे, दीडशे. व्हेनिसनं तर क्रीटसाठी तुर्कांशी चाललेल्या लांबलचक युद्धात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची जहाजं खलाशांसकट भाड्यानं घेतली.

इतक्या जहाजांतलं एकही मॉडेल मी कुठल्या प्रदर्शनात पाहिलेलं नाही. म्हणून हे.

एक कल्पना डोक्यात पक्की आहे. जहाज एकच, पण डावी बाजू व्यापाराची आणि उजवी युद्धाची. डावीकडे माल चढवायची दोरखंडं, बंद झडपा, पिंपं. उजवीकडे उघड्या झडपा आणि बाहेर आलेल्या तोफा. बघणारा टेबलाभोवती फिरला की त्याला दोन जहाजं दिसतील.

२६ जानेवारी

फासळ्या बसल्या. अकरा आडवे पडदे, सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय. पोट मुद्दाम भरीव ठेवलंय. लढाऊ जहाज खालून जरा निमुळतं असतं, त्याला वेग हवा असतो. व्यापाऱ्याला खण हवा असतो.

९ फेब्रुवारी

फळ्या सुरू करण्याआधी मॉडेलखाली लावायच्या पाटीचा मजकूर लिहून बघितला. लिहिलं असं: ‘भाड्याची जहाजं लढाईत मागे राहत. डंजनेसच्या पराभवाला तीच कारण ठरली.’ बऱ्याच ठिकाणी असंच वाचलं होतं.

डंजनेस म्हणजे इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावरचं टोक. इंग्रज-डच युद्धातली एक लढाई तिथे झाली. लढाईची तारीख इंग्रजांच्या लेखी ३० नोव्हेंबर १६५२ आणि डचांच्या लेखी १० डिसेंबर. दोघांची पंचांगं दहा दिवसांनी वेगळी होती, म्हणून टिपणं काढताना मी प्रत्येक तारखेपुढे ‘इं’ किंवा ‘ड’ लिहितोय. इंग्रज सेनापती रॉबर्ट ब्लेककडे ४२ जहाजं होती. डच मोसम संपला म्हणून स्वस्थ बसतील अशी लंडनची समजूत होती आणि इंग्रज आरमार विखुरलेलं होतं. डच सेनापती मार्टेन ट्रॉम्प शेकडो डच व्यापारी जहाजांना इंग्लिश खाडीपार सोडायला निघाला होता आणि त्याच्याकडची लढाऊ जहाजं ब्लेकच्या जवळजवळ दुप्पट होती. ब्लेक तरीही भिडला. त्याच्या ताफ्यातली कित्येक जहाजं लांबच राहिली. ‘गार्लंड’ आणि ‘अँथनी बोनाव्हेंचर’ डचांनी पकडली.

आता नीट बघू. ‘गार्लंड’ सरकारी. ‘अँथनी बोनाव्हेंचर’ भाड्याचं व्यापारी जहाज, आणि त्याचा कप्तान वॉल्टर हॉक्स्टन लढता लढता मारला गेला. मागे राहिलेल्या भाड्याच्या जहाजांची गोष्ट सगळे सांगतात. हॉक्स्टन कुणी सांगत नाही.

मग ब्लेकचं पत्र शोधून वाचलं. लढाईनंतर लगेच सरकारला लिहिलेलं. त्यात त्यानं स्पष्ट म्हटलंय की कच खाण्याचा हा प्रकार फक्त व्यापारी जहाजांत घडला नाही, सरकारी जहाजांतही पुष्कळ घडला. त्याच पत्रात आपल्याला या पदाच्या ओझ्यातून मोकळं करा, अशी विनंतीही आहे. स्वतः सेनापती दोघांना एका मापानं मोजतोय आणि मी पावणेचारशे वर्षांनी पाटीवर एकालाच दोषी ठरवतोय. मजकूर फाडला.

१६ फेब्रुवारी

काका आले होते. वय ७८, तांडेल म्हणून चाळीस वर्षं समुद्रावर. फासळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “पोट चांगलं धरलंस रे.” मी त्यांना डंजनेसची गोष्ट सांगितली. त्यांनी लढाईबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, “बुडाली तर कुणाची बुडाली?”

काका गेल्यावर मला बाबांची होडी आठवली. मी शाळेत असताना एका सर्वेक्षणाच्या कामाला बाबांनी आमची होडी आठ दिवस भाड्यानं दिली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. साहेबांना आणखी दोन ठिकाणी पाण्याची खोली मोजायची होती. बाबांनी विचारलंदेखील नाही, सुकाणू वळवलं आणि किनाऱ्याला आणली. साहेब खूप चिडले, भित्रा म्हणाले, उरलेल्या दिवसांचे पैसे दिले नाहीत. बाबा भित्रे नव्हते. ऐन उधाणात दुसऱ्यांची माणसं काढायला गेलेले मी त्यांना पाहिलेत. पण त्या होडीवर बँकेचं कर्ज होतं, आणि साहेबांच्या कागदावर होडीचं नाव फक्त भाड्याच्या रकान्यात होतं.

सतराव्या शतकातल्या इंग्रज व्यापारी जहाजाची मालकीही अशीच होती, फक्त वाटेकरी अधिक. जहाजाचे आठ, सोळा, बत्तीस वाटे करून विकत. एखादा लंडनचा व्यापारी चार वाटे घेई, दुसरा दोन. आणि जहाज चालवणारा मास्टर पुष्कळदा स्वतःच एक वाटेकरी असे. म्हणजे डंजनेसला जो माणूस सुकाणूजवळ उभा होता, त्याची आयुष्यभराची कमाई त्याच फळ्यांत होती. समोर ट्रॉम्प, मागे घर.

काकांचा प्रश्न आता भिंतीवर लावलाय, मॉडेलच्या बरोबर वर.

२ मार्च

फळ्या. सागाच्या पट्ट्या, पाच मिलिमीटर रुंद आणि दीड जाड, गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाकवतोय. नाळेकडच्या चार पट्ट्या मोडल्या. घाई केली, दुसरं कारण नाही.

९ मार्च

तोफांच्या झडपा कुठे कापायच्या, यात आठवडा गेला.

जहाजाच्या अंगावर लांबीभर जाड फळ्यांचे पट्टे असतात, तेच त्याचं बळ. झडप त्यांच्यातून कापली तर जहाज कमकुवत होतं. लढाऊ जहाज बांधतानाच सुतार हे जमवून घेतो. व्यापारी जहाजात नंतर झडपा वाढवायच्या तर जागा मिळेल तिथे. शिवाय त्याच्या बाजूच्या फळ्याच मुळात पातळ, मोठ्या गोळ्यापुढे त्यांचा निभाव लागत नाही.

पण सगळी व्यापारी जहाजं या बाबतीत सारखी नव्हती. लंडनहून भूमध्य समुद्रात जाणाऱ्या जहाजांना अल्जिअर्सच्या चाच्यांची भीती असे, म्हणून ती मुळातच तोफा आणि झडपा घेऊन बांधली जात. सरकारला भाड्यानं घ्यायला हीच बरी. डचांची अडचण उलटी होती. त्यांच्या व्यापाराचा कणा म्हणजे फ्लाउट, १५९० च्या दशकात होर्न बंदरात जन्मलेलं गुबगुबीत जहाज. थोडे खलाशी, हलकी डोलकाठी, भरपूर माल, तोफा नावापुरत्या. स्वस्तात माल वाहायला त्याच्यासारखं दुसरं नव्हतं, म्हणूनच लढाईला ते निरुपयोगी. जगात सर्वांत जास्त जहाजं डचांकडे, आणि लढाईला जुंपता येतील अशी त्यांतली थोडी. ज्या गुणानं ते श्रीमंत झाले तोच इथे आड आला.

भूमध्यातल्या या जहाजांची एक लढाई मार्च १६५३ मध्ये इटलीतल्या लिव्होर्नो बंदरासमोर झाली. हेन्री अॅपल्टनच्या हाताखाली सहा जहाजं: दोन सरकारी आणि चार व्यापारी. डच सेनानी व्हान गालेन बाहेर टपून होता. मदतीला येणारी इंग्रज तुकडी पोहोचायच्या आत अॅपल्टन बाहेर पडला आणि डच त्याच्यावर तुटून पडले. सरकारी ‘बोनाव्हेंचर’ (डंजनेसचं ‘अँथनी बोनाव्हेंचर’ वेगळं) दारूगोळ्यासकट उडालं, ‘सॅम्सन’ आगीच्या जहाजानं पेटवलं, बाकीची गेली. निसटलं एकच, ‘मेरी’. तेही व्यापारी. सरकारी दोन्ही जहाजं संपली होती. व्हान गालेनचा पाय गोळ्यानं गेला आणि त्यातच तो वारला.

२३ मार्च

आजचा दिवस वाईट गेला, आणि खूप काही शिकवूनही गेला.

तोफा ओतून झाल्या. खालच्या मजल्यावर डेमी-कल्व्हरिन, नऊ पौंडांचा गोळा फेकणारी. वर सेकर, साधारण पाच पौंडांची. खरी डेमी-कल्व्हरिन गाड्यासकट दीड टन धरली तर १:६४ च्या मॉडेलमध्ये तिचं वजन पावणेसहा ग्रॅम भरायला हवं, कारण वजन प्रमाणाच्या घनानं कमी होतं. मी तेवढंच वजन ठेवलं. उजव्या बाजूला आठ डेमी-कल्व्हरिन आणि सहा सेकर. डावी बाजू व्यापाराची, तिथे रिकामी.

जहाज टाकीच्या पाण्यात सोडलं आणि ते उजवीकडे कललं. खालच्या झडपांतून पाणी आत शिरलं. बाहेर काढेपर्यंत मधल्या मजल्याच्या फळ्या भिजून फुगल्या.

अर्धं व्यापारी, अर्धं लढाऊ असं जहाज पाण्यावर टिकत नाही, हे मला कागदावर कळायला हवं होतं. पण दोन्ही बाजूंना तोफा ठेवून पुन्हा सोडल्यावर जे दिसलं ते अधिक महत्त्वाचं. आता ते सरळ राहिलं, तरी बोटानं जरा ढकललं की आळस दिल्यासारखं झुकत होतं आणि परत यायला वेळ लावत होतं. खण रिकामा होता ना! पिंपं भरलेली असतात तेव्हा वजन तळाशी असतं. इथे माल उतरवलेला आणि तेवढंच वजन वर, पाण्याच्या रेषेच्या बरंच वर चढवलेलं. मास्टरनं वर्षानुवर्षं हाताळलेलं, सवयीचं जहाज एका आठवड्यात दुसरंच झालेलं असणार.

२४ मार्च

तळाशी १८० ग्रॅम शिसं. आता बरं वागतं. खऱ्या जहाजात ४७ टन दगड झाले असते. तेवढी जागा गेली, आणि त्यातच वाढलेल्या माणसांचं पाणी, बिस्किटं, खारवलेलं मांस ठेवायचं. व्यापारी फेरीत मोजके खलाशी पुरतात. एकेका तोफेला चारपाच माणसं लागली की झोपायलाही जागा उरत नाही.

दोन बाजूंची कल्पना सोडत नाही. डावीकडेही तोफा ठेवतो, पण झडपा बंद करून आत.

६ एप्रिल

भाड्याचा कप्तान म्हटलं की आता मला डाउवे आउकस आठवतो. हा फ्रिसलंडचा माणूस, जहाज ‘व्होखेलस्ट्राउस’ म्हणजे शहामृग, डच ईस्ट इंडिया कंपनीचं. ऑगस्ट १६५२ मध्ये प्लिमथसमोर डच सेनानी द रॉयटरच्या ताफ्यात ते लढत होतं. इंग्रजांनी त्याला एकटं गाठून घेरलं. खलाशी शरण जायच्या गोष्टी करू लागले. आउकस पेटती वात घेऊन दारूगोळ्याच्या कोठीकडे गेला आणि म्हणाला की शरण गेलात तर जहाज उडवून देईन. खलाशी परत तोफांवर गेले, आणि जहाज सुटलं. कंपनीचं जहाज, देशाच्या सेवेत, आणि कप्तान असा. भाड्यावर असलेला माणूस लढत नाही, हे मला आता कुणी पटवू शकणार नाही.

त्याच कंपनीचं ‘प्रिन्स विलेम’ही याच युद्धात होतं. केंटिश नॉकच्या लढाईत डच सेनानी विटे द विथला ‘ब्रेडेरोड’च्या खलाशांनी आपल्या जहाजावर चढूच दिलं नाही, ते ट्रॉम्पचे लोक. तेव्हा तो ‘प्रिन्स विलेम’वर गेला. मसाले आणायला बांधलेलं जहाज सेनापतीचं जहाज झालं. पुढे ते पुन्हा पूर्वेच्या फेऱ्यांना लागलं आणि १६६२ मध्ये बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) परतताना बुडालं. त्याचं १६५१ सालचं मॉडेल अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. जपानमधल्या नागासाकीसाठी त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती नेदरलँड्समध्ये बांधली होती, ती नंतर परत तिकडे आणली आणि २००९ मध्ये जळून गेली. बातमीतला फोटो पाहिला तेव्हा आत काहीतरी तुटलं होतं.

या कंपनीची वखार वेंगुर्ल्यात १६३७ पासून होती. तिची पडकी इमारत मी दोनदा पाहून आलोय.

२० एप्रिल

आतल्या खोलीचं काम. मागच्या बाजूची मोठी खोली, खिडक्या, एक टेबल, खाट.

डंजनेसनंतर लंडनला काकांचा प्रश्न कळला, असं मला वाटतं. डिसेंबर १६५२ मध्येच ठरलं की भाड्याच्या जहाजांवर कप्तान आणि अधिकारी सरकार नेमेल. ज्याचं जहाज बुडणार, त्याच्या हातात यापुढे हुकूम नाही. नाताळच्या दिवशी ३९ कलमांची शिस्त जाहीर झाली, कितीतरी गुन्ह्यांना मृत्युदंड. मार्च १६५३ मध्ये लढाईच्या सूचना निघाल्या: जहाजांनी पुढाऱ्याच्या रेषेत राहायचं. जूनमध्ये गॅबार्डच्या लढाईत इंग्रज तसे रेषेत लढले आणि तोफांच्या जोरावर जिंकले.

पण ही रेषाच भाड्याच्या जहाजाचा शेवट होती. पूर्वी घोळक्यात पातळ फळ्यांचं जहाज दुसऱ्यांच्या आडोशानं वावरत असे. रेषेत आडोसा नाही. प्रत्येकासमोर शत्रूचं एक जहाज येणार, आणि ते ६० तोफांचं असलं तर माझ्या २८ तोफांच्या जहाजानं काय करायचं? डचांनीही धडा घेतला आणि युद्ध चालू असतानाच ६० नवी लढाऊ जहाजं बांधायला घेतली. १६६५ च्या लोव्हेस्टॉफ्टच्या लढाईत दोन्हीकडे भाड्याची जहाजं होतीच, पण १६७७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं एकदम ३० जहाजांचे पैसे मंजूर केले तेव्हा व्यापाऱ्याच्या दारात जायची गरज संपत आली होती.

खाट एकच केली आहे. ती आता सरकारी कप्तानाची. ज्यानं या खोलीत बसून बारा-पंधरा वर्षं हिशेब लिहिले तो मास्टर कुठे झोपेल, हे ठरवता आलं नाही. काम तिथेच थांबवलं.

४ मे

सकाळी काकांबरोबर थळच्या किनाऱ्यावर गेलो. समोर खांदेरी, अलीकडे उंदेरी. भाड्याच्या जहाजांची हीच गोष्ट आमच्या दारातही घडली आहे, आणि ती मी लहानपणापासून फक्त एका बाजूनं ऐकत आलो.

१६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडाऱ्यानं खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. पण त्यांच्याकडे लढाऊ जहाजं होती किती? मग किनाऱ्यावर माल वाहणारी शिबाडं भाड्यानं घेतली, त्यांवर शिपाई चढवले आणि बेटाला वेढा घालायला पाठवली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून आलं. ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली, बाकीच्या छोट्या गलबतांनी काढता पाय घेतला आणि ‘रिव्हेंज’ एकटं लढत राहिलं. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

शाळेत आम्ही या पळालेल्या शिबाडांवर हसायचो. हसताना त्यांचे तांडेल कोण होते, हे मनात आलं नाही. ती याच किनाऱ्यावरची गलबतं होती. वर चढवलेले शिपाई इंग्रज कंपनीचे, पण शीड, सुकाणू, नांगर त्या नाखव्याचे. महाराजांच्या विजयाचा मला आजही तेवढाच अभिमान आहे. पण त्या दिवशी मुंबईकडे वळलेल्या शिबाडावर सुकाणू कुणाच्या हातात होतं, तेही मला आता दिसतं.

काका म्हणाले, “वाऱ्याची दिशा बघून वळला असेल तो. शहाणा तांडेल.”

१८ मे

रंग, दोर, शिडं पूर्ण. डाव्या बाजूला पिंपांची जाळी आणि बंद झडपा. उजवीकडे चौदा उघड्या. टाकीत शेवटची चाचणी केली: सरळ तरंगतं.

पाटीवर आता एवढंच: ‘इंग्रज व्यापारी जहाज, ३२८ टन. १६५२ मध्ये सरकारनं भाड्यानं घेतलेलं. २८ तोफा.’ खाली एका ओळीत वॉल्टर हॉक्स्टन आणि ‘अँथनी बोनाव्हेंचर’.

मास्टरची झोपायची जागाही ठरली. मागच्या खोलीच्या दारापाशी, बाहेरच्या बाजूला, एक झोळी टांगली आहे. तिथून त्याला सुकाणूचा दांडा दिसतो. काकांनी झाकण काढून आत डोकावून पाहिलं, झोळी दोन मिलिमीटर वर घ्यायला सांगितली. घेतली.